व्हर्जन बारा आणि एक्केचाळीस दिवंगत

२ जून, सोमवार. पाणी ११ फूट.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण उद्या पूरसहाय्य मंडळाचा इतिहास लिहायची वेळ आली, तर संगणक विभागाचं पान कोरं राहायला नको.

संगणक विभाग म्हणजे मी, विश्वजित. परवापर्यंत माई होत्या, त्या रिटायर झाल्या. सत्तावीस वर्षं त्यांनी मंडळाची यादी सांभाळली. शिरोळकडची नदीकाठची सात गावं, दोन हजार तीनशे सोळा माणसं. प्रत्येकाचं नाव, घर, गल्ली, जन्मतारीख. पाणी चढलं की यादी छापायची आणि त्या यादीप्रमाणं मंडळाच्या बोटी माणसं काढून आणतात. आणि हे सगळं अजून व्हर्जन सहामध्ये! व्हर्जन सहा आलं तेव्हा मी हाफ चड्डीत होतो. आता व्हर्जन बारा आलंय, आणि आम्ही बसलोय सहा उराशी धरून.

संकल्प: (१) जून संपायच्या आत व्हर्जन बारा. (२) रोज पहाटे उठून रंकाळ्याला एक फेरी. (३) कुणावर चिडायचं नाही.

पाण्याचा आकडा रोज वर लिहीन. राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस झाले की इशारा, त्रेचाळीसला धोका. अकरा म्हणजे काहीच नाही.

३ जून.

रंकाळा झाला नाही. एक बूट सापडला, दुसरा नाही.

माईंचं मशीन उघडलं. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली. 'जन्मतारखा दुरुस्त करू नयेत. आधी मला फोन करावा. माई.' जिनं सत्तावीस वर्षांत कीबोर्डवरचं प्लास्टिक काढलं नाही, ती बाई मला जन्मतारखांबद्दल सांगणार! चिठ्ठी ओढून काढली. अर्धी आली, अर्धी चिकटूनच राहिली. 'नयेत' एवढंच दिसतंय आता. कापडानं घासलं, जात नाही.

अध्यक्ष हंबीररावांना भेटून योजना सांगितली. त्यांची ट्रॅक्टरची एजन्सी आहे, कॉम्प्युटरला ते अजून 'तुझं यंत्र' म्हणतात. म्हणाले, "काय करायचं ते कर, पन पान्याच्या आदी कर." परवानगी मिळाली.

५ जून.

सॉफ्टवेअर कंपनीच्या तेजस्वी मॅडमशी फोनवर बोललो. पुण्याच्या. आवाज गोड पण घाबरट. म्हणाल्या, आधी जुन्याचा बॅकअप घ्या. मग महिनाभर जुनं आणि नवं दोन्ही शेजारीशेजारी चालवा, दोन्हीकडच्या याद्या छापून ताडून बघा, जुनं वापरणाऱ्या माणसाला जवळ बसवा, आणि मगच जुनं बंद करा. महिनाभर! आत्मविश्वास नसलेल्या लोकांसाठी ठीक आहे.

शेवटी म्हणाल्या, "सर, एक लक्षात घ्या, बारामधून परत सहामध्ये येता येत नाही. बाराची फाईल सहा उघडतच नाही." मी म्हणालो, परत यायचंय कुणाला? त्या काहीच बोलल्या नाहीत. छाप पडली असावी.

८ जून, रविवार. १२ फूट.

चिमणाआत्तीचा फोन. माझी सख्खी आत्ती, वडलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊन दहा वर्षं झाली. अकरावी-बारावी मी तिच्याकडंच राहून केली. तिच्या हातच्या भाकरीवर मोठा झालो असं म्हटलं तरी चालेल. यादीतल्या सात गावांपैकीच एक वाडी, तिथं नदीकडचं शेवटचं घर तिचं. तीन वर्षांमागं गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासनं वॉकर. घरातल्या घरात फिरते, पण पायरी उतरता येत नाही. वय असेल सत्तर, पंच्याहत्तर. आमच्याकडं कोण मोजतंय.

वॉकरचे रबरी बूट झिजलेत, फरशीवर सरकतोय म्हणाली. "तुज्या कोल्लापुरात मिळत्यात म्हनं. चार आन." लिहून घेतलं. मग दर पावसाळ्याआधी विचारते तेच विचारलं, "इश्वा, यादीत हाय न्हवं मी?" मी म्हणालो, आत्ती, औंदा यादीच माझ्या हातात आहे. "मग झालं," म्हणाली आणि फोन ठेवला. अभिमान वाटला असणार तिला.

संकल्प: रबरी बूट, चार नग. उद्याच.

१२ जून. सकाळी ११.४०.

ऐतिहासिक क्षण! (रबरी बुटांसाठी सोमवारी गेलतो, दुकान बंद.)

सगळा डेटा सहामधून बारामध्ये ओढला. दोन हजार दोनशे पंच्याहत्तर नोंदी गपगार गेल्या. एक्केचाळीस अडकल्या. स्क्रीनवर लाल अक्षरात: 'वय ग्राह्य नाही.' बघतो तर काय, एक्केचाळीस जणांची जन्मतारीख एकच. ०१/०१/१९००. म्हणजे सात गावांत मिळून एक्केचाळीस माणसं सव्वाशे वर्षांची, आणि सगळी एकाच दिवशी जन्मलेली! मी एकटाच खुर्चीत बसून हसलो. सत्तावीस वर्षं हा कारभार चाललाय आणि कुणाच्या लक्षात नाही.

संयोगिताला फोन करून सांगितलं. बायको हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आवं, पन माईस्नी इचारा की एकदा." इचारा काय? सव्वाशे वर्षं!

१३ जून.

शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. सव्वाशे वर्षांचा माणूस एकतर जिवंत असतो किंवा नसतो. नसतोच. म्हणजे ही मंडळी कधीच वारलेली आहेत आणि माईंनी नोंद काढलेली नाही. नावं वाचत बसलो असतो तर तिथंच पावसाळा संपला असता. सगळ्या एक्केचाळीस नोंदी एकदम निवडल्या आणि 'मृत' केल्या.

व्हर्जन बारा किती सभ्य आहे बघा. विचारलं, 'या नोंदी कायमच्या काढायच्या का? ही क्रिया मागे घेता येणार नाही.' सहा नुसतं टुंग करायचं. मी 'होय' दाबलं. एकूण २,२७५. चुका शून्य.

घरी येताना बासुंदी आणली. संयोगितानं विचारलं कशाची. सांगितलं, स्वच्छतेची.

१६ जून.

माईंचे दोन मिस्ड कॉल. त्या लेकीकडं, अवनीकडं बेंगळुरूला गेल्यात. पेन्शनचं काहीतरी असेल. 'सर्व उत्तम चालू आहे' असा मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं, 'चिठ्ठी बघितलीस ना?' मी अंगठा पाठवला. बघितली होतीच की, खोटं कुठं बोललो.

तेजस्वी मॅडमच्या समाधानासाठी बॅकअपही घेतला. नव्या यादीचा. घाणीचा बॅकअप कोण घेतं?

२१ जून, शनिवार. १७ फूट.

जुनं मशीन गडमुडशिंगीच्या एका शाळेला भेट दिलं. आधी स्वतःच्या हातानं फॉरमॅट केलं, म्हणजे पोरांना कोरी पाटी. हंबीररावांनी नारळ फोडला. फोटोत मी आहे, माझा कोपर दिसतोय. मुख्याध्यापकांनी विचारलं, आत काही महत्त्वाचं राहिलं नाही ना? मी म्हणालो, गुरुजी, आत हवासुद्धा नाही. सगळे हसले. मॉनिटरवरचं 'नयेत' तेवढं अजून तसंच आहे.

रंकाळा: जून महिन्यात एकूण फेऱ्या शून्य. पण महिना संपलेला नाही.

२९ जून, रविवार.

मंडळाची वार्षिक सभा. अहवाल मी तयार केला. पान तीनवर: 'संगणकीय शुद्धीकरणात ४१ व्यक्ती मृत आढळल्या.' सभेआधी हंबीररावांनी ते वाचलं आणि चेहराच पडला त्यांचा. म्हणाले, "एक्केचाळीस? आनी मला एकाच्या बी मातीला बोलवलं न्हाय?" मी समजावलं की हे बऱ्याच वर्षांचं साठलेलं आहे.

मग रीतीप्रमाणं ठराव क्रमांक एक, श्रद्धांजली. सूचक आमचा बोटवाला, उदयसिंह. एरवी दोन-चार नावं असतात, ती वाचतात. औंदा एक्केचाळीस, म्हणून हंबीरराव म्हणाले नावं राहू देत, सगळ्यांना एकदमच वाहू. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं सभागृहात पंख्याचा तेवढा आवाज. कुणीही विचारलं नाही की ही माणसं कोण. मीही मान खाली घालून उभा होतो आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतकं व्यवस्थित काम आपल्या हातून झालं म्हणून.

नंतर जेवण. जिलेबी कमी पडली. अहवाल सगळ्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना पोस्टानं पाठवायचा ठरलं.

७ जुलै. २४ फूट.

रबरी बूट: दुकानात गेलो, दोनच शिल्लक होते. दोन घेऊन काय करायचं? पुढच्या आठवड्यात माल येतोय.

व्हर्जन बारामध्ये एक नवा रकाना आहे, सहात तो नव्हताच. 'विशेष गरज.' चालता येत नाही, अंथरुणाला खिळलेला, गरोदर, असं त्यात भरायचं. मी अहवाल काढून बघितला. सगळा रकाना मोकळा. सातही गावांत मिळून शून्य! मोठ्या अक्षरात छापून हंबीररावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "येक बी न्हाय? दुधाचा गुन म्हनायचा." मलाही थोडं नवल वाटलं. पण छापून आलेलं आहे.

१५ जुलै. ३१ फूट.

धरणक्षेत्रात तुफान पाऊस चाललाय. नव्या याद्या छापल्या, काय दिसतात! ठळक मथळे, कडेला रेघ. उदयसिंह न्यायला आला. बारा वर्षं बोटी तोच चालवतो, शिकलेला कमी पण हिंमतीचा गडी. यादी उलटीपालटी करून म्हणाला, "साहेब, वरची नावं बदलल्यात की वो."

त्याला समजावलं. जुन्या यादीसारखीच हीही वयाप्रमाणं लागते, सगळ्यात म्हातारा सगळ्यात वर. फरक इतकाच की आता वयं खरी आहेत. तो म्हणाला, जुन्या यादीत वरती असायची ती सगळी उचलून आणायची माणसं असायची, आम्ही खुर्ची आणि दोर घेऊन आधी त्यांच्याकडंच जायचो. मी म्हणालो, योगायोग. तो म्हणाला, "आनी हितं पैलं नाव बाळासोचं. चौऱ्याण्णव. त्यो काल सायकलीवरनं बाजारात आलता." मी म्हणालो, उदयसिंह, डेटा आहे हा. तर म्हणतो, माईस्नी फोन लावू का? आता मात्र चिडलो. संकल्प तीन मोडला, पण इलाज नव्हता. सांगितलं, माई रिटायर झाल्यात, संगणक विभाग मी आहे. "तुमी म्हनताय तर व्हय," म्हणून यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेला.

दिवसभर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी आठवलं, रबरी बूट.

२३ जुलै, बुधवार. ३८ फूट.

सकाळी पिराजीचा फोन. आत्तीचा शेजारी. बायका-पोरं, म्हशी सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून हुपरीला पावण्यांकडं निघालाय. आत्तीला चला म्हणतोय, आत्ती हलेना. "तुमी तरी सांगा तिला. ऐकंना झालीया. इश्वानं यादी केलीया, बोट माज्या दारात पैली येती, एवढंच म्हनतीया."

आत्तीशी बोललो. ती म्हणाली, ट्रॉलीत बसलं की खुब्यात कळ मारते. मागल्या खेपेला बोटवाल्यांनी खुर्चीत बसवून अलगद नेलं होतं, काही त्रास झाला नाही. "मग बोटीचीच वाट बघतो की. येती न्हवं बोट?" मी म्हणालो, येते म्हणजे काय, बस तू निवांत. ट्रॉलीत हाडं खिळखिळी करून घेऊ नकोस. पिराजीलाही सांगितलं, तू हो पुढं, इकडं सगळी सिस्टिम आहे. त्यानं विचारलं, नक्की न्हवं? लोकांचा यंत्रावर विश्वास बसायला वेळ लागतो.

दुपारी एकदा वाटलं, यादीत आत्तीचं नाव कितव्या नंबरला आहे बघावं. पण प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, त्यात तास गेला.

२४ जुलै. ३९ फूट ४ इंच.

इशारा पातळी ओलांडली. ऑफिसात फोनवर फोन. मी शांत आहे. आत्तीचा फोन लागत नाही. वाडीची लाईट घालवलीय, चार्जिंग संपलं असेल.

२५ जुलै, शुक्रवार. ४१ फूट ९ इंच.

सकाळी सातला दोन बोटी सुटल्या. पहिली बोट यादीप्रमाणं बाळासोंकडं. ते माडीवर चहा पीत बसले होते. सायकल घेतल्याशिवाय येणार नाही म्हणाले. सायकल घेतली. तासभर गेला. दुसऱ्या क्रमांकाचे आजोबा आधीच जावयाकडं. तिसऱ्या आजी स्वतःच वल्हं मारायला बसल्या. उदयसिंहनं फोन करून हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, "साहेब, ह्ये काय बराबर वाटंना झालंय मला." त्याला म्हणालो, क्रम सोडू नकोस. क्रम सोडला की गोंधळ होतो.

आत्तीचा फोन अजून बंद. तिला आतापर्यंत आणलंही असेल. नेमकं विचारायचं राहिलं.

दुपारी माईंचा फोन आला, तीनदा. बेंगळुरूहून परत आल्या वाटतं. पूर चालू असताना रिटायर माणसांशी गप्पा मारायला वेळ नाही. फोन उलटा ठेवला.

२६ जुलै, शनिवार. सकाळी १०.३०. ४३ फूट २ इंच.

माई आल्या. रिक्षानं. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मंडळाचा अहवाल, पान तीन उघडलेलं. घरी पोस्टात पडला होता, काल आल्यावर वाचला म्हणाल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. एकच विचारलं, "विश्वजित, ही एक्केचाळीस माणसं कुठं आहेत?"

मी म्हणालो, वारली.

मग माईंनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. व्हर्जन सहामध्ये 'चालता येत नाही' हे लिहायला जागाच नव्हती. नवा रकाना करून मिळत नव्हता. यादी मात्र वयाप्रमाणं लागायची. म्हणून ज्या माणसाला उचलूनच आणावं लागतं, त्याची जन्मतारीख त्या एक एक एकोणीसशे टाकायच्या. म्हणजे ते नाव आपोआप सगळ्यात वर. सत्तावीस वर्षं. बोटवाल्यांना एवढंच ठाऊक, वरची नावं आधी.

"म्हणून तर चिठ्ठी लावली होती," म्हणाल्या.

दुपारी १.१५.

गडमुडशिंगीला जाऊन आलो, मोटरसायकलवर, वरून पाऊस. मुख्याध्यापकांनी मशीन दाखवलं. पोरं त्यावर चित्रं काढत होती. आत काहीही नाही. गुरुजी म्हणाले, तुम्हीच म्हणाला होता की हवासुद्धा नाही.

तेजस्वी मॅडमना फोन केला. विचारलं, परत सहामध्ये यायचं असेल तर? त्यांनी विचारलं, जुन्याचा बॅकअप आहे? मी म्हणालो, नव्याचा आहे. मग त्या गप्प बसल्या. पाच जूनला बसल्या होत्या तशाच.

दुपारी २.

माई टेबलाशी बसल्या, डोळे मिटले आणि तोंडपाठ नावं सांगायला लागल्या. गाव, गल्ली, काय झालंय. लकवा. दोन्ही पाय नाहीत. नववा महिना, ती बाळंत झाली असेल आता, तिला सोड. मी कॉम्प्युटर बंद ठेवून अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेनानं लिहीत होतो.

पहिलंच नाव: चिमणाबाई. नदीकडचं शेवटचं घर. खुबा.

पेन थांबलं. माई म्हणाल्या, "थांबलास का? तूच नाही का सांगायला आला होतास तीन वर्षांपूर्वी? माई, आत्तीचं नाव वर घाला, तिला माझ्याशिवाय कुणी नाही म्हणून. तुझ्यासमोर टाईप केलं मी." खरं आहे. तेव्हा मी समोरच बसलो होतो. पेपर वाचत.

कागदाची नक्कल देऊन बोटवाल्यांकडं माणूस पाठवला. मी पण येतो म्हणालो तर उदयसिंह फोनवर म्हणाला, "तुमी नका येऊ. जागा लागंल." त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

२७ जुलै, रविवार. ४५ फूट.

ऑफिसातच आहे. संयोगितानं डबा पाठवला, उघडला नाही. कागदावर एकेक नावापुढं बरोबरची खूण करतोय. बऱ्याच जणांना शेजाऱ्यांनीच काढलं होतं, कुठली यादी नाही, काही नाही. पाठीवर घेऊन, गुळाच्या मोठ्या कढईत बसवून, दारं उखडून त्यांचा तराफा करून. सकाळी अकरापर्यंत एकोणचाळीस खुणा झाल्या.

पहिल्या नावापुढं खूण नाही. वाडीच्या त्या टोकाला पाण्याला ओढ फार आहे, बोट लागत नाही म्हणतात.

हंबीरराव येऊन बसले होते. खुणा तेही मोजत होते.

दुपारी ३.४०. उदयसिंहचा फोन. सापडली. जिवंत आहे. आतल्या खोलीत लाकडी पेटीवर बसलेली, पाणी कमरेला, दोन्ही हातांनी वॉकर भिंतीला रेटून धरलेला. दोन दिवस. त्याचे बूट झिजलेले, पाण्यात सारखा सरकायचा, सारखा परत रेटायचा.

उदयसिंहनं आणखी एक सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, पण त्यानं सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्याची बोट तिच्या दारावरनंच गेली होती, यादीतली नावं पुकारत. तिनं सगळी ऐकली. मग हाक का मारली नाहीस, असं त्यानं तिला विचारलं. तर म्हणाली, "माजं नाव आलं न्हाय, म्हनून गप बसलो. इश्वानं लावल्यात नंबर, बघूनच लावलं असतील. मी मदीच वरडलो तर त्येचं नाव खराब व्हायचं."

२८ जुलै, सोमवार. ४४ फूट. उतरतंय म्हणतात.

दवाखाना. आत्तीला ताप आहे, छातीत पाणी झालंय, डॉक्टर अजून दोन दिवस काही सांगत नाहीत. मला बघून म्हणाली, "आलास व्हय. लागला की शेवटी माजा नंबर." हसून म्हणाली. टोमणा असता तर सोसला असता.

खाली औषधाच्या दुकानात वॉकरचे रबरी बूट होते. चार घेतले. मग वर येताना आठवलं, तिला बोटीत घेताना वॉकर वाहून गेला. खिशात आहेत चारी.

केसपेपरच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. नाव विचारलं, सांगितलं. गाव सांगितलं. जन्मतारीख? मला माहीत नव्हती. आत जाऊन आत्तीला विचारलं. डोळे मिटूनच म्हणाली, "कुनाला ठावं. पंचमीच्या आदल्या दिवशी झालो असं बा सांगायचा. साल न्हाय सांगितलं." परत खिडकीवर आलो. मुलगी म्हणाली, तारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही. माझ्यामागं मोठी रांग होती.

मग तीच म्हणाली, "राहू द्या काका. माहीत नसली की आम्ही एक एक एकोणीसशे टाकतो. सगळ्यांचंच टाकतो."

मी म्हणालो, नको.

का, म्हणून विचारलं तिनं. मागनं कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, सरका की पुढं." मी हललो नाही. खिडकीपुढं मान खाली घालून उभा राहिलो, दोन मिनिटं तरी झाली असतील.